सुलक्षणाच्या घरातलं टपालखातं

अंजनाला बिबट्यानं धरलं तेव्हा दिवसही मावळला नव्हता. विहिरीवरची मोटर चालू करायला ती बांधाबांधानं निघाली होती. उसातून तो मागच्या मागं आला आणि खांद्यावर झेप टाकली. तिच्या हातातली बादली दगडावर आपटली, त्या आवाजानं तो बिचकला आणि पुन्हा उसात शिरला. अंजना वाचली, पण तिचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालायला सून लागते.

त्याआधी वडगाव रासाईत शेळ्या गेल्या होत्या, राखणीची कुत्री गेली होती. तेवढं गावानं सोसलं. माणसावर आल्यावर मात्र गाव हादरलं. बबनरावांनी पुढाकार घेतला. बबनराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नाही. वर्गणी निघाली आणि उसाच्या बांधांवर, ओढ्याच्या वाटेवर, नदीकडच्या पाणंदीवर कॅमेरे बसले. समोर काही हललं की फोटो काढायचा आणि आतल्या सिमकार्डावरून ईमेलनं पाठवून द्यायचा, एवढंच त्या कॅमेऱ्यांना येत होतं.

त्यांची देखभाल सुलक्षणाकडं आली. ती दौंडची लेक. वडील कोंडिबा रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रूळ बदलून गाड्यांना वाट करून देणारे, होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली ही मुलगी कॉम्प्युटर शिकली, लग्न होऊन वडगावात आली आणि बरीच वर्षं रांजणगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचा विभाग सांभाळत होती. सासूबाई, साखरबाई, अंथरुणाला खिळल्या तशी तिनं नोकरी सोडली आणि घरात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला लागली. नवरा नवनाथ शाळेची गाडी चालवायचा.

सुरुवातीला कॅमेऱ्यांचे फोटो एका मोठ्या कंपनीच्या फुकटच्या खात्यावर यायचे. थोडे दिवस बरं चाललं. मग एका सकाळी खातंच बंद. यंत्रानं पाठवलेले एकसारखे अंधारे फोटो शेकड्यानं येताहेत, यात त्या कंपनीला काहीतरी काळंबेरं दिसलं होतं. दाद मागायची तर पलीकडं माणूसच नाही. सगळी उत्तरं यंत्राचीच.

"मग टपालखातं आपल्याच घरात उघडू," सुलक्षणा म्हणाली. कंपनीतनं मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर तिनं आणला, साखरबाईंच्या खोलीतल्या फळीवर इन्व्हर्टरशेजारी ठेवला आणि त्यावर स्वतःचा ईमेल सर्व्हर उभा केला. म्हणजे आता कॅमेऱ्याचा फोटो कुठल्या परक्या कंपनीकडं न जाता थेट तिच्या घरी यायचा आणि तिथून लोकांच्या फोनवर.

सांगायला सोपं आहे. घरातल्या साध्या इंटरनेटवर असला कारभार चालवताना तिच्या नाकी नऊ आले. मांडवगण फराट्याच्या विक्रमची केबल तिच्या घरी होती. त्या जोडणीचा पत्ता सारखा बदलायचा. आणि ज्या घराचा पत्ताच रोज बदलतो त्या घरी टपाल यायचं कसं? विक्रमच्या मागं लागून तिनं कायमचा पत्ता घेतला. तरी घरातून बाहेर पाठवलेली मेल मोठ्या कंपन्या कचऱ्यातच टाकायच्या. घरगुती जोडणीवरनं आलेलं पत्र म्हणजे लबाडाचंच असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. वनरक्षक सारिका मॅडमना पाठवलेला बिबट्याचा फोटो असाच त्यांच्या ऑफिसच्या खात्यात कचऱ्यात पडून राहिला होता. तेव्हापासून सुलक्षणा त्यांना फोनच करायची. गावातल्या लोकांना मात्र तिनं आपल्याच सर्व्हरवर एकेक खातं काढून दिलं होतं. फोटो आला की सगळ्यांचे फोन एकदम वाजायचे.

बहुतेक वेळा मुंगूस असायचं, नाहीतर वाऱ्यानं हललेलं पाचट. पण तीन-चारदा खरोखरच तो दिसला आणि माणसं वेळेवर घरात शिरली. हळूहळू गावाला त्या आवाजाची सवय लागली. आवाज नसण्याची त्याहून जास्त लागली. फोन गप्प आहे ना, मग जा खुशाल रानात, असं बायका एकमेकींना सांगायला लागल्या. हे ऐकून सुलक्षणाला कधीकधी धास्ती वाटायची. पण गावानं विश्वास टाकलाय याचं बरंही वाटायचं. बौद्धवाड्यातल्या तिच्या घराकडं पूर्वी कामापुरतीच येणारी माणसं आता उंबऱ्याच्या आत येऊन चहा घेत होती.

यंदाच्या जानेवारीत ऊसतोड संपत आली. नदीकाठचा ऊस जवळजवळ सगळा गेला होता. उभा होता तो फक्त बबनरावांचा शेवटचा फड. सारिका मॅडमनी आधीच बजावून ठेवलं होतं की आजूबाजूचा ऊस तुटला म्हणजे जनावर उरलेल्या फडात गोळा होतं, आणि तोही तुटायला लागला की दिवसाढवळ्या बाहेर पडतं. त्या फडाला लागूनच मराठवाड्यातून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, होत्या. बायका, लेकरं, बैलं, सगळं तिथंच.

नेमकं हा फड तुटायला लागला त्याच दिवशी सुलक्षणाला दौंडला जावं लागलं. कोंडिबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी सोडायची होती. दुपारनंतर दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं वडिलांना कॉटवर बसवलं, चहा टाकला आणि सवयीनं फोन बघितला. दुपारच्या जेवणानंतर एकही फोटो नव्हता.

आधी तिला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. फड तुटतोय, माणसांची ये-जा चाललीय, बैलगाड्या पाणंदीवरनं जाताहेत, आणि कॅमेऱ्यासमोर काहीच हललं नाही? तिनं घरच्या सर्व्हरला हाक मारून बघितली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाहीच. चहा उतू गेला तो कोंडिबांना वासावरनं कळला, तिला नाही.

तिनं नवनाथला फोन लावला. तो घरीच होता, आईला औषध देत होता. लाइट आहे, कॉम्प्युटरचा डबा चालू आहे, हिरवे दिवे लागलेत, असं त्यानं सांगितलं. मग तिनं विक्रमला गाठलं. विक्रम आधी नीट बोलेना. शेवटी म्हणाला की वरच्या कंपनीकडून त्याला दम आलाय. तिच्या घरातून दुपारपासून हजारो फसवणुकीच्या मेल जगभर चालल्यात, बक्षीस लागलं म्हणून, बँकेचं खातं बंद पडतंय म्हणून. त्यामुळं त्यानं तिची लाइन तोडली होती.

"वहिनी, मला ठाव हाय तुम्ही असलं काय करायच्या न्हाई," तो म्हणाला. "पर मी चालू ठेवली असती तर त्यांनी माझी अख्खी केबल बंद केली असती."

 काय झालं असणार ते सुलक्षणाला लगेच कळलं. सगळ्या कॅमेऱ्यांना तिनं एकच पासवर्ड दिला होता, सोपा. बांधावर उन्हात उभं राहून कॅमेरे जोडताना लोकांची घाई चालली होती, तेव्हा आत्ता हा ठेवू आणि नंतर बदलू, असं तिनं ठरवलं होतं. ते नंतर काही आलंच नव्हतं. कुठल्यातरी चोरानं तो ओळखला, आत शिरला आणि तिच्या घराचा पत्ता वापरून जगाला लुबाडायला बसला.

पण चोर परवडला. तिला दिसत होता नदीकाठ. गावातला प्रत्येक माणूस या घडीला खिशातल्या गप्प फोनवर भरवसा ठेवून होता. अन् तो फोन गप्प होता तो बिबट्या नाही म्हणून नव्हे.

बबनरावांना सांगायला हवं होतं. तिनं त्यांचा नंबर काढला आणि अंगठा तसाच थांबला. काय सांगायचं? की तुमच्या वर्गणीचे कॅमेरे मी आंधळे करून बसलेय? की माझ्या घरातून चोऱ्या चालल्यात? सगळं गावाच्या हातात असावं, एका घरात नको, असं बबनराव पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते. एका घरात म्हणताना त्यांना कुठलं घर म्हणायचं असतं, तेही ती जाणून होती. विक्रमला विनवून लाइन चालू करून घेतली, चोराला हाकललं, तर कदाचित कुणाला कळणारही नाही. थोडाच वेळ लागेल.

कोंडिबा काळ्या चष्म्याआडून तिच्याकडं बघत होते. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. तिनं भराभर सांगून टाकलं. 

"आमच्या रेल्वेत सिग्नलचा दिवा इझलेला दिसला तर ड्रायवर काय धरतो, ठाव हाय का?" ते म्हणाले. "लाल. दिवा न्हाई म्हंजी वाट मोकळी, असं कुणी धरत न्हाई. तू त्यास्नी दिवा इझलाय एवढं तरी सांग."

तिनं बबनरावांचा नंबर दाबला.

"आबा, सुलक्षणा बोलतेय. आपले कॅमेरे दुपारपासून बंद हायेत. चूक माझी हाय, सगळं सांगीन, पण आधी माणसं रानातनं घरात घ्या. फोन वाजत न्हाई म्हणून कुणी भरवसा ठेवू नका. आन् तोडकऱ्यांना सांगा."

 मग बबनराव म्हणाले, "दुपारपासनं? आन् तू आत्ता सांगतीस व्हय?" पुढं काही न बोलता त्यांनी फोन ठेवला. थोड्याच वेळात देवळाच्या भोंग्यावरून गावात पुकारा झाला, हे तिला नंतर कळलं. पण भोंग्याचा आवाज नदीपर्यंत पोचत नाही.

तोडकऱ्यांचा मुकादम म्हाळू. त्याचा फोन लागेना. फडाच्या खोलगटात रेंज नसायची. तिकडं घरी नवनाथ सर्व्हरसमोर बसून तिच्या फोनची वाट बघत होता. ती सांगेल ते अक्षर अक्षर टाइप करून चोराचा रस्ता बंद करायचा, असं दोघांचं ठरलं होतं. तिनं त्याला पहिली ओळ सांगितली. त्यानं चाचपडत टाइप केली. चुकली. पुन्हा केली.

सुलक्षणानं खिडकीबाहेर बघितलं. ऊन तांबूस व्हायला लागलं होतं.

"अहो, ते सोडा," ती म्हणाली. "डबा जाऊ द्या खड्ड्यात. गाडी काढा आन् कोप्यांवर जा. भोंगा वाजवत जा. लेकरं बाहेर असतील तर गाडीत कोंबा."

"आन् तुझं हे?"

"हे मी बघते. तुम्ही जा."

नवनाथनं शेळ्या राखणाऱ्या शेजाऱ्याला साखरबाईंजवळ बसवलं आणि शाळेची पिवळी गाडी घेऊन नदीच्या वाटेला लागला. सुलक्षणानं सारिका मॅडमना फोन केला. त्या केंदूरला दुसऱ्या एका पंचनाम्यावर होत्या. निघते म्हणाल्या, पण यायला वेळ लागणार होता. कोंडिबांनी शेजारच्या माणसाला गाडी काढायला लावली. "मला काय होतंय? तू जा," म्हणाले. पाटस मागं पडलं, चौफुल्यावर गाड्यांच्या गर्दीत ती दोघं अडकली, आणि सुलक्षणा सगळा रस्ता फोनवर विक्रमशी झगडत राहिली.

विक्रमला धंद्याची भीती होती. ती खोटी नव्हती. ती त्याच्यावर चिडली नाही. चिडायला वेळही नव्हता. तिनं एवढंच मागितलं की घरातून बाहेर जाणारं टपाल सगळं बंद ठेव, एक पत्रही जाऊ देऊ नकोस, फक्त बाहेरून येणारं आत सोड. म्हणजे चोराची मेल दारातच अडेल आणि कॅमेऱ्यांचे फोटो तेवढे येतील; गावाची खाती याच सर्व्हरवर असल्यानं लोकांचे फोन ते तिथूनच उचलतील. वरच्या कंपनीला तक्रारीला जागाच राहणार नाही. विक्रम हो-ना करत राहिला. मग तिनं त्याला अंजनाची आठवण दिली. अंजना त्याची मावशी लागत होती. थांबा, करतो, म्हणाला.

पारगावच्या पुलावर गाडी चढली आणि सुलक्षणाचा फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. कॅमेऱ्यांनी दुपारपासून साठवून ठेवलेले फोटो एकामागून एक येऊन पडत होते.

पहिल्यात काही नव्हतं. मग एक बैलगाडी. मग एक बाई, डोक्यावर मोळी. मग ओढ्याच्या वाटेवर तो. मान खाली, पुढचा पाय उचललेला, मागं तुटलेल्या उसाचा बुडखा. फोटोवरची वेळ साडेतीनच्या सुमाराची होती. आत्ता पाच वाजून गेले होते.

हेच फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर वाजत असणार, हे तिच्या डोक्यात आलं. लोकांना वाटेल तो आत्ता ओढ्यावर आहे. तिनं बबनरावांना फोन लावला. पाठीमागं गलका ऐकू येत होता. माणसं काठ्या, बॅटऱ्या घेऊन ओढ्याकडंच निघाली होती.

"आबा, तो फोटो जुना हाय," ती म्हणाली. "फोटोवरची वेळ बघा. तवा तो ओढ्यावरनं खाली चाललेला. नदीकडं जा, कोप्यांकडं."

"नक्की?"

"नक्की काहीच न्हाई. पण तोंड नदीकडं हाय त्याचं."

बबनरावांनी तिथंच ओरडून माणसं वळवली. तिला ते फोनवर ऐकू आलं.

पुढचा फोटो नदीकडच्या पाणंदीचा. चारच्या पुढचा. रस्ता रिकामा, आणि कडेला, गवतात, नुसती एक शेपटी. त्याच्या पुढचा कोप्यांजवळच्या बाभळीवरच्या कॅमेऱ्याचा. चूल पेटलेली, एक बाई पाठमोरी भाकरी थापत बसलेली, तिच्या बाजूला दोन वर्षांचं लेकरू धुळीत. जरा अंतरावर एक कुत्रं, कान टवकारून उसाकडं बघत असलेलं. बिबट्या फोटोत नव्हता. म्हणूनच सुलक्षणाला तो बघवेना. ती पुढच्याची वाट बघत राहिली आणि पुढचा येईना. पूल संपला, रेंज गेली.

गाडी चालवणारा शेजारी काही विचारत होता, तिला ऐकू येत नव्हतं. आपण ज्या फोटोकडं बघतोय त्यातलं लेकरू आत्ता आहे की नाही, हे तिला माहीत नव्हतं. या बाईला सावध करायला म्हणून तर तिनं सगळा खटाटोप मांडला होता. आणि ती बाई निवांत पाठ करून बसली होती, कारण गावात कुणाचाच फोन वाजला नव्हता आणि तिला सांगायला कुणी आलं नव्हतं.

वडगावच्या अलीकडं रेंज आली. फोन वाजला. तोच कॅमेरा. चूल तशीच, बाई नाही, लेकरू नाही. कुत्रंही नाही. मातीत काहीतरी ओढत नेल्याची रेघ.  सुलक्षणानं पुढचा फोटो उघडला. त्यात अर्धी पिवळी गाडी होती. दार उघडं, नवनाथ पाठमोरा, आणि आत काचेशी गर्दी करून बसलेल्या बायकांचे चेहरे. एकीच्या कडेवर ते लेकरू होतं, रडत असलेलं, तोंड वासून.

ती गाडीतच रडली. पुढं जाऊन बघितलं तेव्हा सगळं कळलं. नवनाथ भोंगा वाजवत आला तेव्हा बिबट्या उसाच्या कडेला दबून होता. भोंग्यानं बाई उठली, लेकराला उचलून कोपीच्या आत पळाली. कुत्रं मात्र भुंकत पुढं गेलं. त्यालाच त्यानं नेलं. म्हाळू मुकादमानं तिला हे सांगितलं. ते कुत्रं त्यांच्याबरोबर मराठवाड्यातनं इथवर चालत आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं माणसं जमली. सुलक्षणानं आडपडदा न ठेवता सांगितलं: पासवर्ड सोपा ठेवला, बदलायचा राहिला, त्यामुळं चोर शिरला. काहीजण चांगलेच तापले. एकानं तर हे सगळं बबनरावांच्या बंगल्यात हलवा म्हणून सुचवलं. अंजना खाली बसली होती. ती उठून उभी राहिली नाही, बसल्या बसल्याच बोलली.

"तिनं सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं का? मला त्यानं धरलं तवा कुणी सांगितलं नव्हतं."

 त्यावर बबनराव म्हणाले की डबा आहे तिथंच राहील, पण पुन्हा असं झालं तर गावाला कसं कळायचं, तेवढं हिनं सांगावं.

ते तिनं रात्रभर विचार करून ठेवलंच होतं. रोज दिवस कलायच्या आत सर्व्हर सगळ्यांना एक मेल पाठवेल: कॅमेरे चालू आहेत. ही मेल आली नाही तर कुणीही रानात जायचं नाही. जनावर दारात आहे असंच धरायचं. आणि ज्यांच्याकडं फोन नाही, त्या कोप्यांवर रोज एक माणूस जाऊन सांगेल. शेवटचं बबनरावांनी स्वतःहून घातलं.

तिनं त्या आठवड्यात प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा लांबलचक पासवर्ड दिला, बांधाबांधानं फिरून. विक्रमनं तिची लाइन पुन्हा पूर्ण सोडली, पण बाहेर जाणाऱ्या टपालावर त्यानं आपल्याकडून मर्यादा घातली. तिनंच तसं सांगितलं होतं. सारिका मॅडमनी नदीकाठी पिंजरा लावला. बिबट्या त्यात आला नाही. पावलं मात्र पिंजऱ्याभोवती फिरून गेलेली दिसली.

फड संपला आणि तोडकरी ट्रकमध्ये सामान भरायला लागले, तेव्हा ती लेकराची आई सुलक्षणाच्या दारात आली. आत यायला लाजत होती. साखरबाईंनीच तिला खाटेवरून हाक मारून आत बोलावलं. तिला तो डबा बघायचा होता. सुलक्षणानं फळीवरचा धूळ खाल्लेला कॉम्प्युटर दाखवला. बाईनं तो जरा वेळ बघितला आणि विचारलं, "आमी आता कर्नाटकात चाललो. तिकडं असलं काही असतंय का?"

 सुलक्षणानं बाईला चहा दिला, लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि तिकडंही फोन करता यावा म्हणून म्हाळूचा नंबर पुन्हा एकदा तपासून घेतला.